पाऊस नाही तरी गळायलंय! बेळगाव-खानापूर भागातल्या शेडवाल्यांना आणि बांधकामवाल्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले शेडवाले, सुतार, गवंडी, सीलिंगवाले आणि घरांचे प्लॅन काढणारे इंजिनियर यांस,

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की तुमचा हंगाम सुरू होतो. दसऱ्यानंतर कौलं उतरतात, वासे मोडीत जातात, अँगल उभे राहतात आणि मिरगाच्या आत पत्रा चढलेला असतो. मी तुमच्या मागून येणारा माणूस. गळती काढणं हा माझा धंदा. तुम्ही केलेलं काम दोन-तीन वर्षांनी मला आतल्या अंगाने बघायला मिळतं, माळ्यावर पोटावर सरपटत, तोंडात बॅटरी धरून. तिथून जे दिसतं ते खाली उभ्या असलेल्या मालकाला दिसत नाही, आणि काम संपवून गेलेल्या तुम्हालाही दिसत नाही. म्हणून हे पत्र. भांडण काढायचं नाही. आपण सगळे छपरावरच पोट भरतो, तेव्हा घरातल्या घरात बोलल्यासारखं घ्या.

सांगायचं ते एवढंच: गळती म्हणून मला बोलावतात त्यातल्या बऱ्याच घरांत छप्पर गळतच नसतं. छपराखाली ओल कोंडलेली असते. आणि ती कोंडते, कारण वळचणीला (छपराची खालची, भिंतीबाहेर येणारी कड) आणि कोन्याला (छपराच्या माथ्यावर दोन उतार मिळतात ती रेघ), दोन्हीकडून आपण वाऱ्याची वाट बुजवलेली असते.

असले फोन कधी येतात बघा. आषाढ-श्रावणात येतात ते खरे गळतीचे. पण पाऊस जाऊन महिना-दोन महिने झाले, आकाश स्वच्छ, थंडी पडायला लागली, आणि फोन येतो, ‘अवो, पाऊस नाही तरी गळायलंय!’ जांबोटीकडच्या एका घरी असाच गेलो होतो. मालकांनी मुक्कामालाच ठेवून घेतलं, कारण पाणी पहाटे पडतं म्हणाले. उजाडायच्या आधी सीलिंगचा एक तुकडा काढून आत डोकं घातलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे, मोहरीएवढे थेंब. प्रत्येक सेल्फ स्क्रूच्या टोकाला त्याहून मोठा एकेक थेंब लोंबत होता. थेंब फुगला की उतारावरून घसरायचा, पर्लिनला (पत्रा ज्यावर ठोकतात त्या आडव्या लोखंडाला) अडायचा आणि तिथून खाली सीलिंगवर टप. सीलिंगचे पिवळे डाग पण बरोबर पर्लिनखाली, रांगेत पडलेले. खरी गळती अशी शिस्तीत बसत नाही. ती एका जोडाला, एका स्क्रूला, एका फुटक्या जागी असते आणि तिथून तिचा ओघळ दिसतो.

त्या घरात दोन पावसाळे पत्र्याचे सगळे जोड वरून सिलिकॉनने भरून झाले होते. पाणी आतून सुटायलंय आणि आपण बाहेरून बुजवायलोय! माळ्यावर गणपतीचं मखर ठेवलेलं होतं, सागवानी, आजोबांच्या वेळचं. चवथीला खाली काढलं तेव्हा मागच्या फळीवर काळी बुरशी होती म्हणून घरच्यांनी सांगितलं. पुसून वापरलं, परत वर ठेवलं. मी बघितलं तेव्हा ती बुरशी पुन्हा आलेली होती.

हे पाणी येतं कुठून, हे एकदा नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाइकाला सांगायची वेळ तुमच्यावरच येते. हवेत वाफ किती मावते हे हवेच्या उष्णतेवर असतं. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा १५ अंशांवर आली की १३ ग्रॅमही मावत नाही. राहिलेलं पाणी होऊन जवळच्या गार वस्तूवर बसतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. कार्तिक संपला की रात्री चांगल्याच गार होतात. त्यात आपला पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. निरभ्र रात्री तो आपली सगळी उष्णता आकाशाकडे सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी गार पडतो. अंगणात लावलेल्या मोटारसायकलच्या सीटवर पहाटे दव असतं, ते याच कारणाने. छपराखालची हवा २० अंश आणि दमटपणा ८० टक्के धरला तर पत्रा १६ अंशांवर आला की थेंब धरायला लागलाच. हिवाळ्यात आपल्याकडे तेवढी थंडी रोजचीच.

आता वाफ. चार माणसांच्या घरात स्वयंपाक, आंघोळ, धुणं आणि माणसांचा श्वास मिळून दिवसाला काही लिटर पाणी हवेत जातं. त्यात गॅसचं कुणाच्या लक्षात येत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरच्या आसपास पाणी तुमच्या स्वयंपाकघरातून वर गेलेलं असतं. भात शिजताना उडालेली वाफ वेगळीच. वर गेलेली वाफ सीलिंगच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून माळ्यावर जाते आणि तिथे बसून राहते.

चुलीच्या वेळी हे होत नव्हतं का? वाफ होतीच, पण तिच्याबरोबर धूर होता, आणि धुराला बाहेर जायची वाट ठेवावीच लागायची. कौलारू घराला वेगळा झरोका नसला तरी चालायचं, कारण प्रत्येक कौलाच्या जोडातून हवा जात होती. मंगळुरी कौल १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळुरातल्या जेप्पूला कारखाना काढून करायला घेतलं, आणि पुढे आपल्या खानापूरच्या मातीनेही ते काम उचललं. खादी आयोगाची कुंभारकामाची संस्था खानापुरात आली ती उगाच नाही. या कौलाचा एक गुण आपण विसरतो. ते पाणी थोडं पितं आणि उन्हात सोडून देतं. पहाटेची ओल कौल आपल्या अंगात घेतं, दुपारपर्यंत वाळतं. पत्रा एक थेंबही पीत नाही, सगळं खाली सोडतो. वाशांना धुराचा काळा लेप बसायचा, त्याने भुंगा दूर राहायचा, तोही फायदा होता.

तरी कौलं परत आणा असं मी म्हणणार नाही. शाकारणी करणारी माणसं आता शोधून मिळत नाहीत, माकडं एका दुपारीत निम्मं पाखं (छपराचा एका बाजूचा उतार) मोकळं करतात, आणि जुन्या कौलाच्या खाचा तुटल्या की नवीन कारखान्याचं कौल त्यात बसत नाही. पत्रा घातला यात चूक काही नाही. पण कौलाबरोबर वारा पण गेला, आणि त्याच्या बदल्यात आपण काही ठेवलं नाही.

तुमची बाजूही मला माहीत आहे. भोक ठेवलं की मालक म्हणतो झड आत येते. खरंच येते. कणकुंबी, आमगावचा पाऊस वरून पडत नाही, आडवाच येतो, तिथे उघडं कोनं ठेवायला सांगणारा माणूस वेडाच ठरेल. मग तुम्ही पत्र्याच्या नागमोडी तोंडांना फोमच्या पट्ट्या मारता, कोन्याखाली फोम भरता, वळचणीला खालून पीव्हीसी पट्टी ठोकता, त्रिकोणी भिंतीत पूर्वी जाळी असायची तिथे वीट लावून गिलावा करता. साप नको, उंदीर नको, वटवाघूळ नको, गांधीलमाशी नको. एकेक कारण पटण्यासारखं आहे. सगळी मिळून डब्याला झाकण लागतं.

वाट ठेवूनही झड अडवता येते. हवेला खालून आत यायला आणि वरून बाहेर जायला जागा लागते. गरम, दमट हवा आपोआप वर चढते, तिला कोन्यापाशी सोडलं की वळचणीतून कोरडी हवा तिच्या जागी येते. एकाच बाजूला भोक ठेवून हे होत नाही. वळचण दोन-अडीच फूट पुढे काढा आणि हवेची फट पुढच्या तोंडाला न ठेवता वळचणीच्या पोटाला, खाली जमिनीकडे बघणारी ठेवा. पाऊस आडवा येतो, पण खालून वर चढत नाही. कोन्याला दोन्ही पाखांचे पत्रे एकमेकांना टेकवू नका, मध्ये फट राहू द्या, आणि कोन्याची टोपी पत्र्यापासून उचलून घ्या. टोपी दोन्हीकडे नऊ-दहा इंच पुढे आली पाहिजे. त्याखाली पत्र्याचं तोंड पक्कडीने वर वळवून घेतलं की वाऱ्याने ढकललेलं पाणी तिथेच अडतं. पश्चिमेच्या अंगाला टोपी आणखी लांब करा, आपला पाऊस तिकडूनच येतो.

किती फट ठेवायची याचा एक हिशेब आहे. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा धरतात. आपण ती निम्मी खाली, निम्मी वर वाटू. तो तिकडच्या मुलखाचा हिशेब आहे, पण सुरुवातीला धरायला आपल्यालाही चालतो. २० बाय ३० फुटांचं घर घ्या. ६०० चौरस फूट, त्याचा दीडशेवा भाग ४ चौरस फूट. दोन वर, दोन खाली. ३० फुटांच्या कोन्यावर दोन चौरस फूट पसरले तर फट पुरती एक इंचाचीही भरत नाही. दोन्ही वळचणी मिळून ६० फूट, तिथे तर अर्ध्या इंचाच्या आत. जाळी लावली की मोकळी जागा जवळपास निम्म्यावर येते, म्हणून दोन्ही आकडे दुप्पट करा. कोन्याला दीड-दोन इंच, वळचणीला इंचभर. एवढीच बाब आहे! यासाठी शेड मोडायला नको, नवीन लोखंड नको. फोम भरायचा नाही आणि टोपीखाली दोन-तीन इंचांच्या पट्टीचे तुकडे घालायचे, झालं.

जाळी मात्र बघून घ्या. डासांची बारीक जाळी वर्षभरात धुळीने आणि कोळिष्टकांनी बंद होते, मग ती जाळी राहत नाही, भिंत होते. उंदीर आणि पाखरं अडवायला पाव इंचाची वेल्ड जाळी पुरे. गांधीलमाशा येतील थोड्या. त्या पत्र्याच्या वळणात नाहीतरी येतातच.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शेडांवर वाऱ्याने गरगर फिरून आतली हवा ओढणारे टर्बो तुम्हीच बसवता. घरावर बसवायला हरकत नाही, पण वळचण बंद ठेवून नुसता टर्बो बसवला तर तो हवा आणणार कुठून? ती घरातूनच ओढेल, सीलिंगच्या फटीतून, म्हणजे स्वयंपाकघरातली वाफ आणखी जोरात माळ्यावर. आधी खालची वाट, मग वरचं यंत्र.

बेळगावात वडगाव, खासबागला विणकरांच्या मागाच्या शेडी आहेत, तिथलं दुखणं थोडं वेगळं. विणकराला धाग्यासाठी हवेत थोडी ओल हवीच असते, म्हणून तो दारं-खिडक्या लावून घेतो. वर पत्रा बंद, खाली माणसं आणि मोटारी. रात्री माग थांबले की पत्रा गार होतो आणि ताण्यावर (मागावरच्या उभ्या धाग्यांवर) थेंब पडतात, डाग पडतो, तेवढ्या साडीची किंमत उतरते. तिथे कोनं उघडून मोकळं होता येत नाही. तिथे पत्र्याखाली इन्सुलेशन पाहिजे, म्हणजे पत्र्याची आतली बाजू गार पडत नाही, आणि पत्रा आणि इन्सुलेशनच्या मधल्या पोकळीला वळचण ते कोनं अशी वाट पाहिजे.

बबल शीटबद्दल (पत्र्याखाली लावतात ती हवेच्या फुगवट्यांची चमकदार इन्सुलेशन शीट) त्यामुळेच थोडं. ती कामाची आहे. पण जोडांना टेप न मारता, पर्लिनवर सैल टाकून, ‘आता ओल येणार नाही’ म्हणून विकू नका. वाफ जोडातून मागे जाते, पत्र्याला लागते, आणि थेंब शीटच्या पाठीवर साचतात. वर्षभर कुणाला दिसत नाही. मग एके दिवशी शीट पोटासारखी फुगून खाली येते, आणि तिच्यात पाणी असतं. पत्र्याच्या आतल्या अंगाला पांढरा गंज धरलेला असतो. मालक पत्र्याच्या कंपनीला शिव्या देतो.

सीलिंगवाल्यांना माझी वेगळी विनंती. स्वयंपाकघराच्या चिमणीचा पाइप सीलिंगच्या वर सोडून जाऊ नका! हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता माळ्यावर चढलो की पहिलं तेच शोधतो. चांदीच्या रंगाचा पाइप सीलिंगमधून वर गेलेला, पुढे दोन हातांवर तोंड उघडं, भोवतीच्या वाशांवर तेलाचा चिकट थर आणि त्यावर बुरशी. मालकाला वाटतं चिमणी बाहेर सोडलीय. बाथरूमच्या पंख्याचंही तेच. पाइप भिंतीबाहेर किंवा छपराबाहेर काढायला तासाभराचं काम जास्त पडेल, त्याचे पैसे मागून घ्या. दुसरं, माळ्यावर चढायला माणूस जाईल एवढं एक दार ठेवा. सगळं जिप्सम एकसंध ठोकून बंद केलं की पुढची दहा वर्षं वर काय चाललंय ते उंदरालाच माहीत.

सुतारांना जास्त सांगायला नको, ओलं लाकूड काय करतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्याला कुजवणारी बुरशी धरत नाही. जुन्या घराचा साग तुम्ही पत्र्याखाली पुन्हा वापरता, चांगलंच करता. पण पावसात भिजलेला वासा लगेच सीलिंगमागे कोंडू नका. महिनाभर वारा लागू द्या, मग झाका.

वारा ठेवला म्हणजे भर पावसाळ्यात माळा खडखडीत राहील, असं कुणाला सांगू नका. आषाढात बाहेरची हवाच भिजलेली असते, ती आत घेऊन काही वाळत नाही. पण दोन दिवस उघडीप पडली, पत्रा तापला, की वाट असलेला माळा दुपारभरात वाळतो. वाट नसलेला तसाच राहतो, आणि ८० टक्क्यांच्या वर दमटपणा सलग राहिला की बुरशी आलीच. पावसाळ्यात माळ्यावर ओले कपडे वाळत घालत असाल तर ते मालकांनीच बंद केलं पाहिजे. बियाण्याचं भात वर ठेवायचंच असेल तर कणग्या भिंतीला आणि पत्र्याच्या उताराला चिकटवू नयेत, मध्ये हातभर जागा सोडावी. येळ्ळूर-अनगोळकडे बासमतीचं बी जपणारी माणसं आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

इंजिनियर साहेब, तुमचं काम सगळ्यांत थोडं आहे. प्लॅनमध्ये तुम्ही घराचा छेद (उभं कापल्यावर दिसेल तसं चित्र) काढता. त्या छेदात कोन्याची फट आणि वळचणीची फट काढा, माप लिहा. कागदावर असलं की शेडवाला करतो. कागदावर नसलं की तो फोम भरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. शहरात स्लॅबवर गळती नको म्हणून जी शेड मारतात ती चारी बाजूंनी उघडी असते तोवर उत्तम. दोन वर्षांनी मालक तिला खिडक्या लावून खोली करतो, वर पाण्याची टाकी आतच राहते. ही पुढची पायरी तुम्हाला आधीच माहीत असते. शेडीच्या वेळीच कोनं उचलून ठेवा.

गावच्या पंचायतींनाही जाता जाता: शाळेत अक्षर दासोहचं (कर्नाटकातल्या शाळांच्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचं) जेवण शिजतं त्या खोल्यांवर पत्रा असेल तर तिथली वाफ घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त. मोठ्या पातेल्यातला भात आणि सांबार रोज. तिथे कोन्याची फट आणि समोरासमोर जाळ्या नसतील तर तांदळाची पोती त्याच खोलीत ठेवू नयेत एवढं तरी बघा.

शेवटी धंद्याचं. तुमच्या कोटेशनमध्ये पत्रा, लोखंड, स्क्रू, मजुरी अशा ओळी असतात. त्यात एक ओळ वाढवा: ‘कोनं व वळचण, हवेची वाट, जाळीसह’. रक्कम लिहा. मालक काटेल तर काटू दे, पण काटताना त्याला विचार करावा लागेल आणि पुढे पहाटे थेंब पडले तर तुमच्या नावाने ओरडणार नाही. आणि पाऊस नसताना ‘गळायलंय’ म्हणून बोलावणं आलं तर वर सिलिकॉन घेऊन चढायच्या आधी सूर्य उगवण्यापूर्वी एकदा आतून बॅटरी मारा. थेंब सगळीकडे सारखे असतील तर सिलिकॉनची बाटली खालीच ठेवा, कोन्यातला फोम काढा, आठवडाभराने पुन्हा बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर चिमणीचा पाइप शोधा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गळती काढणारा एक कामगार
खानापूर, जि. बेळगाव